करुणा हेच धम्माचे हृदय

अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू विहारात घाणीत पडून होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली. विनयपिटकातील या प्रसंगाचा बोध असा की, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याच्यासाठी झिजणे म्हणजे करुणा होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात खेड्यातून आलेल्या अनोळखी रुग्णाला केसपेपर काढून देणे, बँकेत निरक्षर आजीची स्लिप भरून देणे, हे बुद्धवंदनेइतकेच धम्माचरण आहे. बंधू-भगिनींनो, करुणेविना पंचशील ओठांवरच राहते.