झोल राहता कामा नये

पनामा कालव्याच्या लॉकमध्ये शिडाच्या नौकेला शीड काही कामाचे नसते. नौका चालते इंजिनावर आणि सांभाळली जाते चार दोरांवर. प्रत्येक दोर 125 फुटी, त्याला एकेक माणूस. सुकाणूवर मालक, शेजारी कालव्याचा सल्लागार. नाळेवरचा डावा दोर माझ्याकडे होता.

गातून लॉकची एकेक टाकी 305 मीटर लांब, 33.5 मीटर रुंद. भरायला सुमारे 10 कोटी लिटर गोडे पाणी लागते. ते पंपाने नव्हे, उताराने वरच्या तलावातून येते आणि शेवटी समुद्रात जाते. 2023 च्या दुष्काळात त्यापायी जहाजांची संख्या कमी करावी लागली होती. तेव्हा एकट्या नौकेसाठी टाकी कोण भरणार? तिला मालवाहू जहाजाच्या मागे उभे करतात.

भिंतीवरचे कामगार बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला गच्च, जड गाठ असते. काच फुटू नये म्हणून सौरपॅनेलवर आधीच गाद्या टाकलेल्या. त्या दोरीला आपल्या दोराचा फास बांधायचा. ते तो वर ओढून खुंटावर चढवतात.

मागची दारे मिटली की पाणी तळातून येते आणि आधणासारखे उसळते. नौका वर चढते तसा दोर सैल पडतो. झोल दिसला की ओढायचा, पुन्हा नौकेवरच्या खुंटीला वेढा. एक जण मागे पडला तर नौका तिरकी होऊन भिंतीकडे सरकते. टाकी भरली म्हणून हात सोडायचे नाहीत. पुढच्या जहाजाचा पंखा फिरू लागला की खरा धक्का तेव्हाच बसतो.

अशा तीन टाक्यांत 26 मीटर चढून आम्ही गातून तलावात पोचलो. रात्री तिथेच मुक्काम. पोहायची सोय नाही, पाण्यात मगरी.

दुसऱ्या दिवशी पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस या लॉकमधून उतार. इथे नौका पुढे, जहाज मागे. पाणी शांत, पण दोर सोडत राहायचा. तो खुंटीवर अडकला तर ती बाजू टांगून राहते. म्हणून गाठ मारायची नाही, वेढ्यात बोट घालायचे नाही. चढताना दंड थकतात, उतरताना डोळे.

शेवटचे दार उघडले की प्रशांत महासागर. सल्लागाराला लाँच घेऊन गेली. बाल्बोआला भाड्याचे दोर आणि भिंतीचा मार खाल्लेले फेंडर परत केले. पलीकडे कोलोनला पुढची नौका त्यांची वाट पाहत असते.