साखळी सैल का पडते?

तेलगावच्या साखर कारखान्यात ऊस पुढे नेणारी साखळी असो की १९८५ साली इंग्लंडात निघालेली सिंक्लेअर सी-५ ही पायडल आणि बॅटरीवरची तीनचाकी, साखळी सैल पडण्याचं कारण एकच. लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. कड्यांमधल्या पिना झिजतात. सी-५चं पायडल पुढे आणि ओढणारं चाक मागे, म्हणून साखळी भलतीच लांब. केसाएवढी झीजही एवढ्या कड्यांत मिळून डोळ्यांना दिसते.

हा ढिलेपणा खाणारा टेन्शनर नेहमी परतीच्या, सैल बाजूला बसतो. त्याची स्प्रिंग आवळण्याआधी साखळी ताणून मोजाच. अर्ध्या इंची साखळीच्या २४ कड्या ३०४.८ मिमी भरतात. तीन मिमी जास्त भरल्या, तर साखळीच बदला. नाहीतर नव्या टेन्शनरच्या चक्रीचे दातही ती खाते. माप ठीक असेल, तर चक्री हाताने हलवून बुश तपासा.