खरखर आणि डाग

मेंदूचे चित्र देणाऱ्या एमआरआय यंत्राला आपण फोटोचे यंत्र म्हणतो. वस्तुतः ते ऐकणारे यंत्र आहे. प्रबळ चुंबकाच्या पोकळीत रुग्णाला निजवावयाचे, त्याच्या देहातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी डिवचावयाचे आणि ती जो क्षीण प्रतिसाद देतात त्यावरून गणिताने चित्र उभे करावयाचे, अशी ही युक्ती. पॉल लॉटरबर यांनी ती १९७३ साली प्रसिद्ध केली. २००३ मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षीण आवाज ऐकावयाचा तर खरखर आडवी येते. आणि येथे ती बहुतांशी रुग्णाच्या देहातील उष्णतेचीच असल्यामुळे बंद करण्याची सोय नाही. तेच ते पुनःपुन्हा ऐकले म्हणजे ती दबते खरी, पण हा सौदा महाग आहे : स्पष्टता दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. उलट वीस मिनिटांचे काम पाचांत उरकले, तर स्पष्टता निम्म्यावर येते. आता लहान मुलाने किंवा कंपवाताच्या रुग्णाने वीस मिनिटे निश्चल कसे पडून राहावे? घाई ही येथे चैन नव्हे.

मग ही खरखर गणकयंत्राने पुसावी, असा विचार पुढे आला. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढण्याची जुनी रीत आहेच. तीत खरखरीबरोबर कडाही पुसट होतात. नव्या रीतीत स्वच्छ आणि खरखरीत चित्रांच्या असंख्य जोड्या दाखवून गणकयंत्राला शिकवितात. परंतु असे यंत्र केवळ पुसत नाही, ते अटकळ बांधते. अटकळीचा कल नेहमी दिसणाऱ्या गोष्टींकडे असतो, आणि आजार हा तर नेहमीचा नसतोच!

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात मज्जातंतूंवरील आवरण झिजते. त्याच्या निदानात मेंदूतील ३ मिलिमीटरचा, म्हणजे मेथीच्या दाण्याएवढा डागही जमेस धरतात. चित्रात तो जेमतेम मोजकेच ठिपके व्यापतो. तेवढाच खरखरीबरोबर धुऊन निघाला, तर पुढे डाग शोधणारे स्वयंचलित यंत्र कितीही तीक्ष्ण असो, त्याच्यापुढे डाग येतच नाही. उलटही घडते. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या २०२० च्या ‘फास्टएमआरआय’ स्पर्धेत मेंदूच्या चित्रणाचा वेग चौपट व आठपट धरला होता. तेथे तज्ज्ञांना काही चित्रांत मुळात नसलेल्या रचना उमटलेल्या आढळल्या.

तेव्हा चित्र किती गुळगुळीत झाले, ही आमच्या मते कसोटीच नव्हे. एकाच रुग्णाचे संथ चित्र व शीघ्र चित्र शेजारी ठेवावे, किती डाग हरवले आणि किती नवे उगवले ते मोजावे. आणि न पुसलेले मूळ चित्रही तज्ज्ञाच्या हाताशी असावे.