विश्लेषण : घोडेस्वारीतील ‘इव्हेंटिंग’ महिलांसाठी कधी खुले झाले?
ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि अडथळ्यांवरील उड्या या तिन्ही कसोट्या एकाच घोड्याने, एकाच स्वारासह द्यायच्या, हे ‘इव्हेंटिंग’. मुळात ही लष्करी घोड्यांची परीक्षा. त्यामुळे १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये केवळ लष्करी अधिकारीच उतरले. १९५३मध्ये इंग्लंडमधील बॅडमिंटन येथे युरोपीय अजिंक्यपद सुरू झाले. १९५७मध्ये ते ब्रिटनच्या शीला विलकॉक्स यांनी जिंकले. तरीही महिलांना ऑलिम्पिकचे दार बंदच होते. ते १९६४मध्ये टोकियोत उघडले आणि अमेरिकेच्या लाना ड्यु पाँ यांनी सांघिक रौप्य मिळवले. जागतिक अजिंक्यपद १९६६मध्ये बर्ली येथे सुरू झाले. ऑलिम्पिकचे वैयक्तिक सुवर्ण मात्र महिलेला मिळाले थेट २०२१मध्ये. विजेती जर्मनीची युलिया क्रायेव्स्की, शहर पुन्हा टोकियोच!