वाढलेली घरपट्टी जाते कुठे?

शिकागोत ज्याचं घर किंवा दुकान आहे, त्याला मालमत्ता कराचं बिल एकच येतं, पण त्या पैशाचे वाटेकरी अनेक असतात. शहर, कुक काउंटी, सार्वजनिक शाळा, कम्युनिटी कॉलेजं, उद्यानांचं मंडळ, सांडपाण्याचं मंडळ. सगळ्यात मोठा वाटा शाळांचा, निम्म्याहून अधिक. मुंबई-पुण्यात घरपट्टी महापालिका घेते आणि रस्ते, गटारं, प्राथमिक शाळा बहुतांशी तीच बघते. तिथे तसं नाही. हे वाटे लक्षात ठेवले तरच ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ हे प्रकरण कळतं. शिकागोचे लोक त्याला नुसतं ‘टिफ’ म्हणतात.

शहराने एखाद्या पडझड झालेल्या भागाभोवती नकाशावर रेघ मारली की त्या वर्षीचं तिथल्या मालमत्तांचं करपात्र मूल्य गोठवलं जातं. समजा ते १० कोटी डॉलर आहे आणि कराचा दर ७ टक्के. म्हणजे कर ७० लाख. दहा वर्षांत मूल्य १६ कोटींवर गेलं, तर त्याच दराने कर येईल १ कोटी १२ लाख. यातले ७० लाख पूर्वीसारखेच सगळ्या वाटेकऱ्यांत वाटले जातात. वरचे ४२ लाख, म्हणजे शाळांच्या आणि काउंटीच्या वाट्यासकट सगळी वाढ, त्या भागाच्या वेगळ्या निधीत जमा होते आणि तो खर्च कसा करायचा हे शहर ठरवतं. इलिनॉय राज्याच्या १९७७च्या कायद्यानुसार हे २३ वर्षं चालतं. विधिमंडळाने परवानगी दिली तर ३५ वर्षांपर्यंत. मुदत संपली की पूर्ण मूल्य पुन्हा सगळ्यांचं होतं.

रेघ कुठेही मारता येत नाही, निदान कागदावर तरी. भाग जीर्ण असल्याचं दाखवावं लागतं. त्यातला सोपा मार्ग असा: निम्म्या इमारती ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या असाव्यात आणि कायद्यातल्या १३ दोषांपैकी किमान तीन तिथे सापडावेत. या मोजपट्टीने पुण्यातल्या कितीतरी पेठा सहज पात्र ठरतील.

निधीतून रस्ते, गटारं, दिवे, दूषित जमिनीची सफाई, जुन्या इमारतींची दुरुस्ती अशी कामं करता येतात. खाजगी नवी इमारत बांधण्याचा खर्च सहसा यात बसत नाही; परवडणाऱ्या घरांसाठी मात्र सवलत आहे. अडचण अशी की काम आज करायचं असतं आणि वाढीव कर पुढे कधीतरी येणार असतो. मग शहर भविष्यातल्या या उत्पन्नाच्या भरवशावर रोखे विकतं, नाहीतर बिल्डरला सांगतं की आधी तू खर्च कर, कर वाढेल तसा परत देऊ. दुसऱ्या पद्धतीत, वाढ झालीच नाही तर फटका बिल्डरला बसतो. शिकागोच्या मध्यवर्ती ‘सेंट्रल लूप’ टिफमध्ये रोख्यांचा मार्ग वापरला गेला. हा टिफ १९८४ साली सुरू झाला आणि २००८ साली संपला. २००४ साली खुल्या झालेल्या मिलेनियम पार्कच्या खर्चातले सुमारे साडेनऊ कोटी डॉलर याच टिफच्या रोख्यांतून आले.

इथवर सगळं छान वाटतं. ‘नवा कर लावलेला नाही’ हे वाक्य नगरसेवकांना म्हणूनच आवडतं. ते शब्दशः खरंही आहे, पण शिकागोत कराचा दर कसा ठरतो ते पाहिलं की त्यातली गंमत कळते. तिथे दर आधी ठरत नाही. शाळा, उद्यानं, काउंटी आपापल्याला किती रक्कम हवी ते आधी ठरवतात आणि त्या रकमेला करपात्र मूल्याने भागून दर काढला जातो. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. शहराचं एकूण मूल्य १०० कोटी आणि सगळ्यांची मिळून मागणी ७ कोटी, म्हणून दर ७ टक्के. टिफ नसता आणि ती सहा कोटींची वाढ आपोआप झाली असती, तर भागाकार १०६ कोटींनी झाला असता आणि दर साधारण ६.६ टक्क्यांवर उतरला असता. टिफमुळे वाढ हिशेबातच धरली जात नाही, दर सातच राहतो. म्हणजे पलीकडच्या वॉर्डातला घरमालक, ज्याच्या गल्लीत एक नवा दिवाही लागलेला नाही, तोही थोडा जास्त भरतो. त्याच्या बिलावर तो फरक ‘टिफ’ म्हणून लिहिलेला नसतो. शाळांनाही, जिथे त्यांच्या मागणीवर कायद्याची मर्यादा असते तिथे, नव्या इमारतींच्या मूल्याचा फायदा मुदत संपेपर्यंत मिळत नाही.

म्हणून सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: टिफ नसता तर ही वाढ झाली असती का? नसती, तर कुणाचं काहीच गेलं नाही. झालीच असती, तर शाळांच्या आणि इतर करदात्यांच्या खिशातून पैसे वळवले गेले. कायदा सांगतो की टिफशिवाय विकास अपेक्षित नव्हता हे दाखवा. पण जे घडलंच नाही त्याचा पुरावा कोण देणार? अर्थतज्ज्ञ रिचर्ड डाय आणि डेव्हिड मेरिमन यांनी २००० साली शिकागो महानगर परिसरातल्या गावांची तुलना प्रसिद्ध केली. टिफ वापरणारी गावं न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हे, उलट हळू वाढली, असं त्यांना आढळलं. एप्रिल २०१९मध्ये नदीकाठच्या लिंकन यार्ड्स या बांधकाम प्रकल्पासाठी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या टिफला शहराने मंजुरी दिली, तेव्हा हाच प्रश्न कोर्टात गेला. शेजारी लिंकन पार्कसारखी श्रीमंत वस्ती असताना हा भाग ‘जीर्ण’ कसा, असं विरोधक विचारत होते. प्रश्न मला रास्त वाटतो.

कॅलिफोर्नियाने तर हा खेळच मोडला. १९५२ साली तिथे या पद्धतीला घटनात्मक आधार मिळाला आणि पुढे सुमारे ४०० पुनर्विकास संस्था उभ्या राहिल्या. शाळांचा वाटा तिकडे गेला की भरपाई राज्याच्या तिजोरीतून करावी लागे. तिजोरी रिकामी झाल्यावर गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी या संस्था बंद करायचं ठरवलं; ओकलंडचे महापौर असताना त्यांनी स्वतः याच साधनाचा आधार घेतला होता. फेब्रुवारी २०१२मध्ये त्या विसर्जित झाल्या. शिकागोने मात्र २०१६ साली रेल्वेमार्गाच्या नूतनीकरणासाठी वेगळ्या धर्तीचा टिफ काढला. त्यात शाळांचा वाटा आधीच बाजूला काढून दिला जातो. टीकाकारांचं म्हणणं कुठेतरी पोचलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

भारतात केंद्र सरकारच्या २०१७च्या मूल्यवाढ वसुलीच्या आराखड्यात टिफचं नाव आहे. मुंबईत मात्र पैसा उभा करायची सवय वेगळी आहे: वाढीव एफएसआयवर, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीवर, प्रीमियम घ्यायचा, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचा, म्हणजे बांधकामाच्या आधीच वसुली. शिवाय टिफ चालायचा तर मालमत्तेचं मूल्य वेळेवर वाढलेलं नोंदलं जायला हवं. मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित कर २०१० पासून लागू आहे, पण २०२० साली व्हायची फेरआकारणी पुढे ढकलली गेली आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. ज्या भागात अशीच घरं जास्त, तिथे गोठवलेल्या मूल्याच्या वर जमा व्हायला फारसं काही उरतच नाही.