लाटेवरील कसरतींचे मोल
सर्फिंगच्या स्पर्धेत पाच पंच प्रत्येक लाटेवरील कामगिरीस 10 पैकी गुण देतात. सर्वाधिक व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिहींची सरासरी काढली जाते. खेळाडूच्या सर्वोत्तम दोनच लाटा हिशेबात धरल्या जातात. त्यामुळे अनेक निर्धोक वळणांपेक्षा एक अवघड कसरत अधिक फलदायी ठरते. मात्र ती अर्धवट राहिली, तर तिचे मोल फारसे उरत नाही. कोणती कसरत निवडावी, हे बव्हंशी लाटच ठरविते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर जपानच्या कानोआ इगाराशीने उपान्त्य फेरीत फळीसह हवेत झेप घेऊन 9.33 गुण मिळविले व सामना जिंकला. याउलट 2024 साली ताहितीतील तेआहुपोओ येथे, त्याच सामन्यात हरलेल्या ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनाला 9.90 गुण लाभले, ते कोसळत्या लाटेच्या पोकळ बोगद्यातून सुखरूप बाहेर पडल्याबद्दल.