पिकल्या मिशांचा नवा गडी

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे टाकलेले दोन हातबॉम्ब सीझरने हुडकून काढले. सीझर म्हणजे मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडॉर. मॅक्स, सुलतान आणि टायगर हे त्याच दिवसांत राबलेले त्याचे सोबती. नोकरी संपल्यावर या चौघांना विरारच्या एका शेतघरी आसरा मिळाला. 2016 मध्ये आधी ते तिघे गेले, मग ऑक्टोबरात सीझरही. त्यांच्या पराक्रमाच्या आणि मृत्यूच्या बातम्या झाल्या. सांधे आखडलेल्या कुत्र्याला रोज उठवणं, फिरवणं, गोळी चारणं याची बातमी होत नाही. हा लेख त्याविषयी आहे.

निवाऱ्यात येणारी बहुतेक म्हातारी कुत्री अशी नावाजलेली नसतात. कुणाचा मालक वारलेला असतो, कुणाच्या घरच्यांची बदली झालेली असते, कुणाला पैदास करून झाल्यावर रस्त्यावर सोडलेलं असतं. दत्तक घ्यायला आलेली मंडळी पिल्लांपाशीच थबकतात. सॅन फ्रान्सिस्कोत शेरी फ्रँकलिन यांनी 2007 साली ‘मटविल’ ही संस्था काढली ती खास म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी. 62 किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाने कुत्रं नेलं, तर तिथे दत्तक शुल्क माफ असतं. सत्तरीतल्या आजोबांना पिल्लामागे धावणं झेपत नाही. दहा वर्षांच्या कुत्र्याशी मात्र त्यांची चाल जुळते.

आता, म्हातारं म्हणजे किती वयाचं? ‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा पाढा विसरलेला बरा. ग्रेट डेनसारखं मोठ्या अंगाचं कुत्रं सहा-सात वर्षांतच उताराला लागतं, तर छोटा पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही सोफ्यावर उड्या मारतो.

नव्या घरात असं कुत्रं हात लावताच गुरगुरतं, जिन्यापाशी अडून बसतं, हॉलमध्ये लघवी करतं. घरचे म्हणतात, ‘खोडच आहे त्याला’ किंवा ‘वय झालं हो’. दोन्ही निदानं फुकटची आणि बऱ्याचदा चुकीची. 2018 साली ब्रिटन आणि ब्राझीलच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या निम्म्यांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, आणि त्यांची भीती इतरांपेक्षा सरासरी चारेक वर्षं उशिरा सुरू झाली होती. आवाजाने दचकलं की अंग ताठतं, दुखऱ्या जागी कळ जाते आणि पुढच्या वेळी त्या आवाजाचाच धसका बसतो, असा संशोधकांचा कयास. म्हणून स्वभावाचा विचार नंतर, आधी पशुवैद्य.

पहिल्या आठवड्यातच रक्त-लघवी, दात, सांधे आणि गोचीडताप यांची तपासणी आणि रेबीजची लस एवढं उरकून घ्यावं. वाढलेली तहान आणि घरातली लघवी यांमागे मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयाबरोबर भिंग घट्ट होतं, पण नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. एखाद्या सकाळी मान वाकडी होऊन कुत्रं कलंडलं, बुबुळं भिरभिरायला लागली, तर घरात ‘अर्धांगवायू’ म्हणून रडारड होते. पुष्कळदा तो कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत ओसरतो. तरी दाखवायला हवंच. घरच्या डब्यातली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन मात्र कधीही देऊ नये. माणसाच्या या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात.

घरातली मोठी अडचण म्हणजे आपल्या लाडक्या गुळगुळीत फरशा. मागचे पाय फाकले की म्हातारं कुत्रं धास्तावतं आणि हिंडणंच सोडतं. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणाऱ्या सतरंज्या किंवा रबरी चटया टाकाव्यात. पंजांमधले केस आणि नखं कापावीत. जिना झेपत नसेल तर लिफ्टने न्यावं, आणि त्यावरून इमारतीत वाद झालाच, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवावीत. त्यांनुसार सोसायटीला प्राणी पाळण्यावर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही.

जेवण आठवडाभरात हळूहळू बदलावं. आधीच्या जागी जे खात होतं त्यात नवं मिसळत जावं. नव्या घराची सवय व्हायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ आडाखा निवाऱ्यांत सांगतात. काही कुत्री तोही पाळत नाहीत. पहिले काही दिवस पाहुण्यांची रीघ नको, आणि झोपलेल्या कुत्र्याला मुलांनी हात लावायचा नाही. ऐकू येत नसेल तर आधी त्याच्या नजरेच्या टप्प्यात यावं, मग स्पर्श करावा. रात्री ते कोपऱ्यात तोंड घालून उभं राहत असेल, ओळखीच्या दारात चुकत असेल, तर मेंदूच्या वार्धक्याची शंका घ्यावी. एका जुन्या अमेरिकी अभ्यासात 11-12 वर्षांच्या 28 टक्के आणि 15-16 वर्षांच्या 68 टक्के कुत्र्यांत अशी लक्षणं आढळली होती. रात्री मंद दिवा आणि रोजच्या ठरल्या वेळा यांचा उपयोग होतो.

ऐन दिवाळीत मात्र कुत्रं घरी आणू नये. फटाक्याला बिचकून नवं कुत्रं दाराच्या फटीतून निसटलं, तर परतायचा रस्ताच त्याला ठाऊक नसतो. ते आधीच आलं असेल तर पट्ट्यावर फोन नंबर हवा. संध्याकाळच्या आतषबाजीआधी त्याला फिरवून आणावं, रस्त्यापासून लांबच्या खोलीत पडदे ओढून पंखा लावावा. भीतीवरचं औषध पशुवैद्याकडून आठवडाभर आधीच विचारून ठेवावं, कारण धाप लागल्यावर दिलेली गोळी फारशी चालत नाही. फराळाची ताटं उंचावर ठेवावीत. त्यातले बेदाणे आणि पाहुण्यांनी आणलेलं चॉकलेट, दोन्ही त्याला विषारी आहेत.